अन्नजाळ्यातील रासायनिक प्रदूषकांचा संचय : प्रक्रिया, पुरावे आणि एक आवश्यक भेद

सारांश : पाण्यात किंवा मातीत अत्यल्प प्रमाणात आढळणारी काही रसायने सजीवांच्या शरीरात साठत जातात आणि अन्नजाळ्याच्या वरच्या पातळीवरील प्राण्यांमध्ये घातक मात्रेपर्यंत पोहोचतात. प्रस्तुत लेखात या प्रक्रियेचे स्वरूप स्पष्ट करून क्लिअर लेक, बहिरी ससाणा, मिनामाता आणि सागरी सस्तन प्राणी ही उदाहरणे तपासली आहेत. भारतीय गिधाडांचा ऱ्हास अन्नातूनच झाला असला, तरी तो जैववर्धनाचा प्रकार नव्हता. हा भेद अध्यापनात आणि उपाययोजनेत का महत्त्वाचा ठरतो, याचे विवेचन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : जैवसंचय, जैववर्धन, अन्नजाळे, डीडीटी, पारा, पीसीबी, डायक्लोफेनॅक, गिधाडे.

१. प्रस्तावना

सर्व शाखांच्या पदवी अभ्यासक्रमात पर्यावरण अभ्यासाचा समावेश झाल्यापासून ‘अन्नसाखळीतून विषाचा प्रवास’ हा विषय केवळ प्राणिशास्त्राच्या वर्गापुरता उरलेला नाही. वाणिज्य, कला आणि विज्ञान या तिन्ही शाखांचे अध्यापक तो शिकवतात. बहुधा एका त्रिकोणाकृती मनोऱ्याच्या साहाय्याने हा विषय मांडला जातो. तळाशी पाणी, त्यावर वनस्पती-प्लवक, मग लहान मासे, मोठे मासे आणि शेवटी मत्स्यभक्षी पक्षी असा हा क्रम असतो. प्रत्येक पायरीवर रसायनाचे प्रमाण वाढत गेलेले दाखवलेले असते.

हे चित्र चुकीचे नाही, परंतु अपुरे आहे. रसायन का साठते, कोणते साठते, कोणते साठत नाही आणि न साठणारे रसायनही अन्नातून एखादी प्रजाती नष्टप्राय कशी करू शकते, या प्रश्नांची उत्तरे त्यात मिळत नाहीत. या प्रश्नांचे महत्त्व केवळ तात्त्विक नाही. निदान चुकले तर उपायही चुकतो, हे भारतीय उपखंडातील गिधाडांच्या उदाहरणावरून स्पष्ट होते.

२. संज्ञांचा अर्थ

या विषयात तीन संज्ञा वारंवार एकमेकींच्या जागी वापरल्या जातात. त्यांचे अर्थ प्रथम निश्चित करणे इष्ट ठरेल.

जैवसांद्रण म्हणजे सजीवाने भोवतालच्या पाण्यातून, कल्ल्यांद्वारे किंवा शरीराच्या पृष्ठभागाद्वारे, रसायन थेट शोषून घेणे. प्लवकांच्या बाबतीत हीच प्रक्रिया प्रमुख असते. जैवसंचय ही त्याहून व्यापक संज्ञा आहे. पाणी, हवा आणि अन्न अशा सर्व मार्गांनी आत येणारे रसायन बाहेर टाकल्या जाणाऱ्या रसायनापेक्षा अधिक असल्याने एका सजीवाच्या शरीरात झालेली साठवण तिने सूचित होते. जैववर्धन ही संज्ञा मात्र दोन सजीवांच्या तुलनेसाठी आहे. भक्षकाच्या शरीरातील रसायनाचे प्रमाण त्याच्या भक्ष्यातील प्रमाणापेक्षा अधिक असेल, तरच जैववर्धन झाले असे म्हणता येते.

यावरून एक गोष्ट लक्षात येते. प्रत्येक जैववर्धनात जैवसंचय असतो; परंतु प्रत्येक जैवसंचयातून जैववर्धन घडेलच असे नाही. तसेच रसायन भक्ष्यातून भक्षकाकडे गेले, एवढ्यावरूनही जैववर्धन सिद्ध होत नाही. ते केवळ वहन असू शकते.

३. साठवणुकीमागील कारणे

एखादे रसायन अन्नजाळ्यात वाढत जाण्यासाठी साधारणपणे पुढील गुणधर्म आवश्यक असतात : ते निसर्गात दीर्घकाळ टिकून राहिले पाहिजे, अन्नमार्गातून सहज शोषले गेले पाहिजे, शरीरातील विकरांना त्याचे विघटन सहजासहजी करता येऊ नये, आणि मूत्र, विष्ठा किंवा श्वास यांच्यावाटे ते बाहेर पडण्याचा वेग अतिशय मंद असावा. डीडीटी, पीसीबी यांसारखी क्लोरिनयुक्त सेंद्रिय संयुगे पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत, चरबीत मात्र सहज विरघळतात. त्यामुळे ती मूत्रावाटे बाहेर न जाता मेदपेशींत साठून राहतात.

या प्रक्रियेतील निर्णायक घटक कोणता, हे एका काल्पनिक गणिताने समजू शकेल. एखादा पक्षी दररोज आपल्या वजनाच्या एक-पंचमांश इतके मासे खातो आणि माशांतील रसायनापैकी ९० टक्के त्याच्या शरीरात शोषले जाते, असे मानू. माशांतील प्रमाण १ पीपीएम, म्हणजे दशलक्ष भागांत एक भाग असेल, तर पक्ष्याच्या शरीरातील प्रमाणात दररोज ०.१८ पीपीएमची भर पडेल. साठ्यापैकी दररोज फक्त ०.२ टक्के रसायन बाहेर पडत असेल, तर ही वाढ ९० पीपीएमला पोहोचल्यावरच थांबेल. कारण त्या बिंदूवर येणारे आणि जाणारे रसायन समान होते. याउलट साठ्यापैकी निम्मे रसायन दररोज बाहेर पडत असेल, तर तीच पातळी ०.३६ पीपीएमवर स्थिरावेल, म्हणजे माशांतील प्रमाणापेक्षाही ती कमी राहील. अन्न तेच आहे, पक्षीही तोच आहे. फरक आहे तो उत्सर्जनाच्या वेगात.

‘प्रत्येक पोषण पातळीवर दहापट वाढ’ हा नियम त्यामुळे नियम म्हणून शिकवणे योग्य नाही. ऊर्जेच्या वहनात सुमारे दहा टक्के ऊर्जाच पुढील पातळीवर जाते, या ढोबळ तत्त्वावरून तो अनुमानित केलेला दिसतो. भक्षकाला जगण्यासाठी मोठ्या प्रमाणावर भक्ष्य खावे लागते आणि त्यातील बहुतांश अन्न ऊर्जेसाठी खर्च होते, रसायन मात्र मागे राहते, हे खरे आहे. परंतु वाढ किती होईल हे रसायन, प्राणी, त्याचे वय, लिंग आणि आहार यांवर अवलंबून असते.

४. क्लिअर लेक : विरलतेच्या कल्पनेचा पराभव

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यातील क्लिअर लेक हे या विषयातील आद्य उदाहरण होय. न चावणाऱ्या, परंतु पर्यटकांना त्रासदायक वाटणाऱ्या चिलटांचा बंदोबस्त करण्यासाठी या सरोवरात १९४९ मध्ये डीडीटीचे जवळचे भावंड असलेले डीडीडी हे कीटकनाशक टाकण्यात आले. मात्रा पाण्याच्या सात कोटी भागांत एक भाग इतकी अल्प होती. चिलटे पुन्हा वाढल्याने १९५४ आणि १९५७ मध्ये, पाच कोटी भागांत एक भाग म्हणजे ०.०२ पीपीएम या मात्रेने, हा प्रयोग पुन्हा करण्यात आला.

त्यानंतर टिबुकलीच्या कुळातील वेस्टर्न ग्रीब हे मत्स्यभक्षी पक्षी मरू लागले. पूर्वी या सरोवरावर त्यांच्या सुमारे एक हजार जोड्या प्रजनन करीत. १९६० च्या सुमारास केवळ तीसएक जोड्या उरल्या. मृत पक्ष्यांत रोगजंतू आढळले नाहीत. चरबीत मात्र १,६०० पीपीएम डीडीडी आढळले. प्लवकांत ते सुमारे ५ पीपीएम होते, तर भक्षक माशांत २,५०० पीपीएमपर्यंत गेले होते. फवारणीनंतर थोड्याच काळात पाण्यात मात्र डीडीडीचा मागमूस उरला नव्हता. रसायन नाहीसे झाले नव्हते. ते पाण्यातून सजीवांच्या शरीरात गेले होते. पाण्याचा नमुना तपासून सरोवर सुरक्षित ठरवणाऱ्यास तेथे काहीच आढळले नसते.

या आकड्यांचा वापर करताना एक दक्षता घ्यावी लागते. ०.०२ वरून १,६०० म्हणजे ऐंशी हजारपट वाढ, असे सांगितले जाते. परंतु पहिला आकडा पाण्याचा आहे, तर दुसरा केवळ चरबीचा आहे, संपूर्ण शरीराचा नव्हे. तसेच काही माशांतील प्रमाण पक्ष्यांपेक्षाही अधिक होते, म्हणजे प्रत्यक्ष अन्नजाळे पाठ्यपुस्तकातील मनोऱ्याइतके नीटनेटके नसते. १९६७ मध्ये वुडवेल, वुर्स्टर आणि आयझॅकसन यांनी न्यूयॉर्कजवळील लाँग आयलंडच्या खाडीक्षेत्राचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात डीडीटी आणि त्याच्या अवशेषांचे प्रमाण प्लवकांत ०.०४ पीपीएम, तर कुरव जातीच्या एका पक्ष्यात ७५ पीपीएम आढळले. अनेक पाठ्यपुस्तकांतील मनोरा प्रामुख्याने या प्रकारच्या नोंदींवर उभा आहे.

५. अंड्याच्या कवचाची साक्ष

क्लिअर लेकमध्ये प्रौढ पक्षी मेले. परंतु संचयाचा परिणाम मृत्यूच्याच रूपाने दिसतो असे नाही. डेरेक रॅटक्लिफ या ब्रिटिश शास्त्रज्ञाला बहिरी ससाण्याच्या घरट्यांत फुटलेली अंडी वारंवार आढळली. संग्रहालये आणि खाजगी संग्राहक यांच्याकडील जुन्या अंड्यांच्या कवचांची त्याने तुलना केली. १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून, म्हणजे डीडीटीचा सार्वत्रिक वापर सुरू झाला त्याच सुमारास, कवचे एकाएकी पातळ झाल्याचे त्याने १९६७ मध्ये दाखवून दिले. डीडीटीपासून तयार होणारे डीडीई हे संयुग मादीच्या कवचग्रंथीकडे होणारा कॅल्शियमचा पुरवठा बाधित करते. परिणामी अंडी उबवणाऱ्या पक्ष्याच्या भारानेच फुटतात.

प्रौढ पक्षी निरोगी दिसत असताना पुढील पिढी जन्मास येत नाही, ही या परिणामाची विशेषता होय. दीर्घायुषी पक्ष्यांमध्ये अशी घट लक्षात येण्यास अनेक वर्षे लागतात. येथे कारण आणि परिणाम यांच्यातील अंतर संग्राहकांच्या पेट्यांतील अंड्यांमुळेच मोजता आले. अमेरिकेने १९७२ मध्ये डीडीटीच्या बहुतेक सर्व वापरांवर बंदी घातली. बहिरी ससाणा तेथील संकटग्रस्त प्रजातींच्या सूचीतून १९९९ मध्ये वगळला गेला. बंदी आणि पुनरुज्जीवन यांत गेलेला पाव शतकाचा काळ टिकाऊ रसायनांच्या बाबतीत अपवादात्मक नाही. भारतात डीडीटीचा शेतीतील वापर १९८९ मध्ये थांबवण्यात आला. हिवतापासारख्या रोगांच्या वाहक कीटकांच्या नियंत्रणासाठी मात्र तो त्यानंतरही सुरू ठेवण्यात आला.

६. पारा : चरबीबाहेरील संचय

साठणारे प्रत्येक प्रदूषक मेदविद्राव्यच असते, हा समज पाऱ्याच्या उदाहरणाने दूर होतो. जपानमधील मिनामाता येथे चिस्सो कंपनीच्या कारखान्यात ॲसिटाल्डिहाइडच्या उत्पादनासाठी पाऱ्याचे संयुग उत्प्रेरक म्हणून वापरले जात असे. त्या प्रक्रियेत तयार झालेला मिथिल पारा सांडपाण्यातून उपसागरात गेला आणि मासे व शिंपल्यांत साठला. किनाऱ्यावरील मांजरे झटके येऊन मरू लागली. १९५६ मध्ये माणसांतील रोगाची अधिकृत नोंद झाली. ॲसिटाल्डिहाइडचे हे उत्पादन १९६८ मध्ये थांबले. त्याच वर्षी जपान सरकारने रोगाचे कारण अधिकृतपणे मान्य केले.

मिथिल पारा चरबीत नव्हे, तर प्रथिनांतील गंधकयुक्त गटांशी बद्ध होऊन स्नायूंमध्ये साठतो. त्यामुळे माशाची चरबी किंवा कातडी काढून टाकल्याने तो दूर होत नाही. जेथे असा कारखाना नाही, तेथेही गाळातील जिवाणू असेंद्रिय पाऱ्याचे मिथिल पाऱ्यात रूपांतर करतात. म्हणूनच मुशीसारख्या दीर्घायुषी, शिकारी माशांत पाऱ्याचे प्रमाण सर्वसाधारणपणे अधिक, तर तारलीसारख्या लहान, प्लवकभक्षी माशांत कमी असते. मासा ताजा आहे किंवा नाही हे डोळ्यांनी कळते. त्याची पोषण पातळी मात्र माहिती असावी लागते.

७. मादीकडून पिलाकडे

शीतकरण आणि विद्युत उपकरणांत विसाव्या शतकात वापरली गेलेली पीसीबी ही संयुगे सागरी सस्तन प्राण्यांच्या त्वचेखालील चरबीत साठतात. २०१६ च्या जानेवारीत स्कॉटलंडमधील टायरी बेटावर ‘लुलू’ या नावाने ओळखली जाणारी एक ओर्का (किलर व्हेल) मादी मृतावस्थेत आढळली. जाळ्याच्या दोरात अडकून तिचा मृत्यू झाला होता. तपासणीत तिच्या चरबीत दर किलोग्रॅममागे ९५७ मिलिग्रॅम पीसीबी आढळले. सागरी सस्तन प्राण्यांना अपाय होऊ लागतो अशी मानली जाणारी पातळी ९ मिलिग्रॅमच्या आसपास आहे. लुलूने कधीही पिलाला जन्म दिलेला नव्हता, असेही तपासणीत दिसून आले.

या दोन निरीक्षणांचा परस्परसंबंध समजून घेण्यासारखा आहे. सस्तन प्राण्यांची मादी आपल्या साठ्याचा मोठा भाग गर्भारपणात आणि विशेषतः चरबीयुक्त दुधावाटे पिलाला देते. प्रजननक्षम मादीच्या शरीरातील भार त्यामुळे घटतो. नरात तो आयुष्यभर वाढत जातो. जन्माला येणारे पिलू आईच्या दुधावर वाढत असल्याने ते जणू आईच्याही वरच्या पोषण पातळीवर असते. प्रदूषणाचा वारसा असा पिढ्यानुपिढ्या चालू राहतो.

श्वसनाची पद्धतही महत्त्वाची ठरते. २००७ मध्ये केली आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, बीटा-एचसीएचसारखी काही रसायने माशांमध्ये वाढत नाहीत, कारण ती कल्ल्यांवाटे पाण्यात परत जातात. हवेत श्वास घेणाऱ्या प्राण्यांत मात्र ती वाढतात, कारण श्वासावाटे ती सहजपणे बाहेर पडत नाहीत. केवळ माशांवरील चाचणीच्या आधारे एखादे रसायन निर्धोक ठरवण्याच्या पद्धतीला यामुळे मोठी मर्यादा पडते. हे घटक असलेले ‘बीएचसी’ भारतीय शेतीत अतिपरिचित होते. १९९७ मध्ये त्यावर बंदी आली.

८. गिधाडे : संचयाविना संहार

भारतात गिधाडांची घट प्रथम १९९० च्या दशकात राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात विभू प्रकाश यांच्या नोंदींतून पुढे आली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची भारतातील संख्या १९९२ ते २००७ या काळात ९९.९ टक्क्यांनी घटल्याचे नंतरच्या गणनांतून दिसून आले. प्रारंभी संसर्गजन्य रोग आणि कीटकनाशके या दोन्ही शक्यतांचा विचार झाला. गिधाड हे अन्नजाळ्याच्या वरच्या टोकाला असलेले, दीर्घायुषी आणि वर्षाला एकच अंडे घालणारे असल्याने ससाण्यांशी त्याचे साम्य दिसणे स्वाभाविक होते.

२००४ मध्ये ओक्स आणि सहकाऱ्यांनी पाकिस्तानातील अभ्यासातून खरे कारण शोधून काढले. गुराढोरांना वेदनाशामक म्हणून दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे ते कारण होते. औषध दिल्यानंतर थोड्याच अवधीत मेलेले जनावर खाल्ल्यास गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होतात. यूरिक आम्ल रक्तात वाढून अंतर्गत अवयवांवर त्याचा पांढरा थर जमतो आणि काही दिवसांतच पक्षी मरतो.

डायक्लोफेनॅक टिकाऊ नाही. जनावराच्या शरीरातून ते काही दिवसांतच बाहेर पडते आणि गिधाडाच्या शरीरातही वर्षानुवर्षे साठत नाही. येथे ना दीर्घकालीन जैवसंचय आहे, ना जैववर्धन; आहे ती एका जेवणातून मिळालेली घातक मात्रा. मग एवढा संहार कसा झाला? याचे उत्तर गिधाडांच्या आहारपद्धतीत आहे. एका मृत जनावरावर अनेक गिधाडे एकत्र जेवतात आणि एक गिधाड वर्षभरात अनेक मृत जनावरांवर जेवते. शंभर मृत जनावरांपैकी एकाहूनही कमी जनावरांत घातक मात्रा असली तरी प्रत्यक्षात दिसलेली घट घडून येण्यास ती पुरेशी आहे, असे ग्रीन आणि सहकाऱ्यांच्या गणिती अभ्यासातून २००४ मध्येच निष्पन्न झाले. २००४-०५ मध्ये भारतात तपासलेल्या मृत जनावरांच्या यकृतांच्या नमुन्यांपैकी सुमारे दहा टक्के नमुन्यांत हे औषध आढळले. ससाण्याच्या बाबतीत रसायन एका शरीरात एकवटले; गिधाडाच्या बाबतीत जोखीम एकवटली.

९. या भेदाचे व्यावहारिक महत्त्व

दोन्ही प्रकारांत भक्षक अन्नामुळेच मरतो. परंतु तपासणी कशाची करावी आणि उपायाचे फळ कधी मिळेल, या दोन्ही बाबतींत हे प्रकार भिन्न आहेत.

टिकाऊ रसायनाचा शोध घेण्यासाठी भक्षकाची चरबी, अंडी किंवा दूध तपासावे लागते, कारण साठा तेथे असतो. डायक्लोफेनॅकसारख्या औषधासाठी मृत जनावरांची यकृते तपासणे उपयुक्त ठरते. प्रत्येक गिधाडाच्या चरबीचे पृथक्करण करूनही हाती काही लागले नसते. टिकाऊ रसायनाचे उत्पादन आज थांबवले तरी गाळात, मातीत आणि सजीवांत असलेला साठा दशकानुदशके परिणाम करीत राहतो. स्टॉकहोम करार (२००१) आणि पाऱ्याविषयीचा मिनामाता करार (२०१३) यांनी उत्पादनाच्या मुळावरच बोट ठेवले ते यासाठी. अल्पजीवी औषधाच्या बाबतीत मात्र वापर थांबताच अन्न निर्धोक होऊ लागते. भारताने २००६ मध्ये डायक्लोफेनॅकच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घातली. गिधाडांसाठी निर्धोक ठरलेले मेलॉक्सिकॅम हे पर्यायी औषध उपलब्ध होते. त्यानंतरच्या पाहणीत घट मंदावल्याचे दिसले. माणसांसाठीच्या मोठ्या कुप्यांचा गुरांसाठी गैरवापर होत असल्याने २०१५ मध्ये कुपीचे आकारमान ३ मिलिलिटरपर्यंत मर्यादित करण्यात आले. २०२३ मध्ये ॲसेक्लोफेनॅक आणि किटोप्रोफेन यांच्या पशुवैद्यकीय वापरावरही बंदी आली. ॲसेक्लोफेनॅकचे जनावराच्या शरीरात डायक्लोफेनॅकमध्येच रूपांतर होत असल्याने ही बंदी अपरिहार्य होती.

गिधाडांच्या ऱ्हासाचे कारण ‘अन्नसाखळीत साठलेली कीटकनाशके’ असेच मानले गेले असते, तर शेतीतील फवारणीवर निर्बंध घालून परिणामांची वर्षानुवर्षे वाट पाहिली गेली असती. दरम्यान पशुवैद्यकाच्या पेटीतील औषध गिधाडांना मारीतच राहिले असते.

१०. निष्कर्ष

उपर्युक्त विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, पाण्यातील किंवा मातीतील अल्प प्रमाण हा सुरक्षिततेचा पुरेसा निकष नाही. रसायनाचा टिकाऊपणा, त्याच्या उत्सर्जनाचा वेग आणि ते खाणाऱ्या प्राण्याची जीवनपद्धती यांचा एकत्रित विचार आवश्यक आहे. दुसरी, जैववर्धनाचा दर निश्चित नसतो, आणि पाणी, चरबी व संपूर्ण शरीर यांतील प्रमाणांची सरसकट तुलना टाळली पाहिजे. तिसरी, रसायन अल्पजीवी आहे म्हणून ते वन्यजीवांस निर्धोक असेल, असे गृहीत धरता येत नाही.

अध्यापनात पाठ्यपुस्तकातील मनोरा टाकून देण्याचे कारण नाही. मात्र त्याच्याशेजारी गिधाडाचे उदाहरण वेगळ्या शीर्षकाखाली मांडावे आणि दोहोंतील फरक विद्यार्थ्यांकडून शोधून घ्यावा. विष अन्नातून आले, एवढे कळल्याने तपास पूर्ण होत नाही. ते साठले की केवळ वाहून आले, हे ठरवल्यावरच उपायाची दिशा निश्चित होते.